म्हाकुलांचे डोळे आणायला गेले तेव्हा

रत्नागिरीला मी गेले होते ती म्हाकुलांचे डोळे आणायला. कुणी विचारलं की मी असंच सांगते, आणि समोरचा हसतो. मग पुढचं सांगावं लागतं, आणि ते ऐकता ऐकता त्याचं हसू जातं. म्हणून या वेळी सगळं क्रमानं लिहूनच काढते.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी लेसरवर काम करते. आमचा लेसर सलग प्रकाश देत नाही, ठिणग्या देतो. एकेक ठिणगी सेकंदाच्या लाख कोटीव्या भागापुरती जगते. जो प्रकाश सेकंदात पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालील, तो या ठिणगीच्या आयुष्यात तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकाही सरकत नाही. एवढ्या आखूड ठिणगीचा उपयोग काय, तर तितक्याच लवकर घडून जाणाऱ्या गोष्टी पकडायच्या. अशी एक गोष्ट आपल्या डोळ्यात घडते. उजेड आतल्या पडद्यावर पडला की तिथल्या रंगद्रव्याचा रेणू पिळवटतो. पाहणं म्हणतात ते तिथून सुरू होतं. नसा, मेंदू, 'अरे, हा तर अमका' हे सगळं त्यानंतर, आणि त्या मानानं बैलगाडीच्या चालीनं. ती पहिली पिळवट आम्हाला पकडायची होती.

त्यासाठी डोळे हवे होते. म्हाकूल, म्हणजे मऊ अंगाचा, दहा हातांचा तो समुद्री जीव, आमच्या सोयीचा. देहाच्या मानानं त्याचा डोळा केवढा तरी मोठा असतो, आणि त्यातलं रंगद्रव्य उजेड लागल्यावर मोडून पडत नाही. दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकला की पुन्हा पहिल्यासारखं होतं, म्हणजे तेच पुन्हा पुन्हा तपासता येतं. अटी मात्र कडक. जनावर जिवंत मिळायला हवं, काही तास पूर्ण काळोखात ठेवायला हवं, आणि डोळा काढून गोठवेपर्यंत त्याला गडद लाल दिव्याखेरीज उजेड दिसता कामा नये. लाल त्याला दिसत नाही.

आमच्या विभागप्रमुखांच्या ओळखीचे एक प्राध्यापक रत्नागिरीत होते. त्यांनी मांडवीला एका घरात खोली बघून दिली, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी निघाले.

मांडवी

माझ्याबरोबर काळ्या कागदाची गुंडाळी, लाल दिवा, सुऱ्या, चिमटे आणि द्रव नायट्रोजनचं भांडं होतं. हे भांडं म्हणजे थर्मासचा थोरला भाऊ. झाकण घट्ट लावायचं नसतं, त्यामुळे तोंडातून पांढरी वाफ सतत पाझरत राहते.

"बाई, ह्येच्यात काय?" एसटीच्या कंडक्टरनं विचारलं.

"थंड हवा," मी म्हटलं.

"हवेला तिकीट न्हाय," तो म्हणाला, "पन धूर येतोय त्याचं काय करू?" त्यानं मला मागच्या बाकावर बसवलं. बाक लगेच रिकामं झालं. हातखंब्याला गाडीत चढलेले एक म्हातारे गृहस्थ मात्र माझ्याशेजारीच बसले. बराच वेळ त्या वाफेकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "कोणाच्या अस्थी?"

"कोणाच्याच नाहीत हो, आजोबा."

त्यांनी तरीही भांड्याला हात जोडले.

मी साताऱ्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, फार तर नदी. तिला तळ असतो, आणि उन्हाळ्यात तो दिसतोही. मांडवीची वाळू काळी आहे. भिजली की ती काळी वाटत नाही, खोल वाटते; पाऊल टाकताना आत जाईल असं वाटतं. जेटीच्या कडेला उभं राहून मी पहिल्यांदा पाणी बघितलं आणि सवयीनं तळ शोधत राहिले.

घर जांभ्याचं, कौलारू, मागे दहा-बारा माड. घरात मनोरमाकाकी, साठीच्या, सडसडीत, काष्टा नेसलेल्या. आणि त्यांची सून सुनंदा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. काकींचे यजमान बोटीवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली.

"घरात तुम्ही दोघीच?" मी विचारलं.

"दोघी. आन विलास, माजा झील," काकी म्हणाल्या. "तो समुद्रावर हाय."

मला वाटलं, मुलगाही वडलांसारखाच बोटीवर नोकरीला असेल. खुंटीला पुरुषाचा इस्त्री केलेला शर्ट होता. सुनंदा उठून आत गेली.

जेवायला तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिकलं आणि सोलकढी. आमच्या घरात मासे नाहीत, मी ते वसतिगृहात खायला शिकले. तरी एवढं चवीचं तिकलं तिथे कुठून मिळणार! मी दोनदा मागून घेतलं. दुसऱ्यांदा वाढताना माझ्या लक्षात आलं की पातेल्यात एकाही बांगड्याला डोकं नाही.

"डोकी टाकून देता?" मी सहज विचारलं. साताऱ्याचं माणूस, काहीच टाकवत नाही.

"ह्या घरात डोळा असलेलं काय शिजत न्हाय," काकी म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

काळी खोली

दुसरा दिवस खोली बंद करण्यात गेला. खिडकी, दाराच्या फटी, कौलांमधले कवडसे, सगळीकडे काळा कागद. भर दुपारी दार लावून घेतलं की स्वतःचा हात दिसत नसे. मग मी लाल दिवा लावायची. दाराखालच्या बारीक फटीतून तो उजेड पडवीत सांडायचा, आणि त्यावरून लोकांना कळायचं की आत मी आहे. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायका अंगणातून जायच्या त्या रस्त्यानं जाऊ लागल्या. माझं नावही पडलं होतं. डोळेवाली.

म्हाकुलं आणून देण्याचं काम दत्ताराम नावाच्या तांडेलाकडे दिलेलं होतं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. तिशीतला उंच माणूस. दिवस मावळला की होडी बाहेर काढायचा, गॅसबत्ती लावून गळ टाकायचा आणि पहाटे पाण्यानं भरलेलं पिंप, वर ओलं पोतं टाकून, आमच्या सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून जायचा. काकी दारात उभ्या असायच्या. तो खाली मान घालून यायचा, तसाच परत जायचा. तो वळेपर्यंत काकी दारातून हलायच्या नाहीत.

पहिल्या पिंपातली तीन म्हाकुलं जिवंत निघाली. दिवसभर ती काळोखात ठेवली आणि सूर्य बुडायच्या सुमारास मी कामाला बसले. सुनंदा म्हणाली, "ताई, मी दिवा धरू?" मला हवीच होती.

लाल उजेडात ते जनावर बघणं सोपं नाही. त्याच्या कातडीवर ठिपके असतात, आणि ते आपोआप फुलतात, मिटतात. एक लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते, दुसरी आडवी येते. जीव गेल्यावरही हे बराच वेळ चालू राहतं. मी डोळा सोडवत होते आणि माझ्या बोटांखाली ती कातडी अजून काहीतरी बोलत होती. डोळा हातात आला तेव्हा सुनंदानं दिवा जवळ आणला आणि विचारलं, "ह्याचं पुढे काय करणार?"

मी तिला सांगितलं. मुंबईला गेल्यावर याच्या पडद्यावर एक ठिणगी मारायची. मग तिच्या मागून दुसरी. दुसरीला मुद्दाम लांबच्या वाटेनं पाठवायची. तिच्या वाटेवरचा आरसा केसभर मागे घेतला की ती तेवढी उशिरा पोचते. पहिली रेणूला हलवते, दुसरी येऊन बघते की तो कुठवर हलला. मग आरसा आणखी केसभर मागे.

"म्हणजे पहिली उठवते आणि दुसरी बघून येते," सुनंदा म्हणाली. "पण एवढीशी ठिणगी करता कशी? पटकन बटण बंद करून?"

"तेवढं पटकन कुठलंच बटण बंद होत नाही गं. आमच्या लेसरमध्ये दोन आरसे समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये शेकडो लाटा येरझाऱ्या घालत असतात, प्रत्येकीचा ठेका जरासा निराळा. त्यांना मोकळं सोडलं तर नुसता कालवा. पण त्यांना आम्ही एकत्र सुरुवात करायला लावतो. शिमग्याला पालखीपुढे ढोल असतात ना? समज, शंभर ढोल आहेत, सगळ्यांनी एकदम सुरू केलं. पहिला ठोका एकत्र पडेल. मग प्रत्येकाच्या ठेक्यानं ते पांगत जातील. पण वाट बघितली तर पुन्हा असा एक क्षण येतो की शंभरच्या शंभर टिपऱ्या एकदम खाली येतात. प्रकाशाच्या लाटा तर अधल्यामधल्या वेळात एकमेकींना पुसूनच टाकतात. नुसता काळोख. आणि मग तो एक क्षण, सगळ्या एकावर एक. ती आमची ठिणगी."

माझ्या हातावरचा लाल उजेड सरकून गेला. सुनंदानं दिवा खाली घेतला होता.

"शिमग्याचं नको, ताई," ती म्हणाली.

"सांग तिला," कोपऱ्यातून आवाज आला.

माझ्या हातून चिमटा पडला. काकी भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. दार उघडलेलं मला कळलं नव्हतं. म्हणजे आम्ही कामाला बसण्याआधीपासून त्या तिथेच, काळोखात होत्या.

मग काकींनीच सांगितलं. विलास आणि दत्ताराम लहानपणापासूनचे सोबती. होडी दोघांची. गेल्या शिमग्याला पालखीला खांदा कोणी द्यायचा यावरून दोघांचं भांडण झालं, आणि दत्ताराम सगळ्या वाडीसमोर बोलून गेला, "समुद्रावर ये, मंग बगतो तुला." चार-पाच दिवसांत दोघं बोलायला लागले. एका संध्याकाळी नेहमीसारखे म्हाकुलांना गेले. सकाळी होडी परत आली तिच्यात दत्ताराम एकटा होता, आणि भर उन्हात गॅसबत्ती तशीच जळत होती.

"त्येला विचारलं, विलास कुठं? तर म्हनतो, उतरला." काकींचा आवाज अगदी सपाट होता. "पडला न्हाय म्हनतो. मी ढकलला न्हाय म्हनतो. उतरला. पाण्यात कोन उतरतो गो, बाय? तिथं काय जेटी हाय?"

शरीर मिळालं नव्हतं. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. वाडीतल्या अर्ध्या लोकांनी दत्तारामाशी बोलणं टाकलं. "मी न्हाय टाकलं," काकी म्हणाल्या. "मी त्येला सांगितलं, रोज माज्या पायरीवर यायचं. त्येच्या डोळ्यांनी बगितलंय ते. एक दिवस मान वर करील, तवा मला दिसंल."

मग त्यांनी मला विचारलं, "मेला की डोळा बगतो काय?"

मी कितीतरी सोपी उत्तरं देऊ शकले असते. पण सुरीखाली तो डोळा होता, आणि मी ज्यासाठी आले होते त्याचं उत्तरच मुळी तेच होतं.

"पहिला क्षण बघतो," मी म्हटलं. "नीट गोठवून ठेवला तर महिन्यानंसुद्धा. उजेड पडला की आतलं ते द्रव्य पिळवटतं, जिवंतपणी पिळवटायचं तसंच. फक्त पुढे सांगायला कुणी नसतं."

"म्हंजे बगतो. पन बगनारा कोन नसतो."

"हो, काकी."

पिंपात उरलेल्या एका म्हाकुलानं पाणी उडवलं. काकी उठल्या. दाराशी जाऊन म्हणाल्या, "मंग जित्त्या डोळ्यात तर सगळंच असंल." आणि दार नीट ओढून घेऊन गेल्या. आत उजेड शिरू नये याची त्यांनीही काळजी घेतली होती.

दत्ताराम

दुसऱ्या पिंपातली सगळी म्हाकुलं मेलेली निघाली. तिसऱ्यातलीही. उन्हाळ्यासारखा उकाडा पडला होता आणि पिंपातलं पाणी पहाटेपर्यंत कोमट होत होतं. मेलेल्याचे डोळे माझ्या कामाचे नव्हते, आणि भांड्यातला नायट्रोजन तर रोज उडून जात होता. काठी घालून उरलेल्या नायट्रोजनची पातळी बघायची मी. काठीवर जमणारी हिमाची रेघ खाली खाली सरकत होती. पाच-सहा डोळ्यांवर प्रयोग होत नाही. रिकाम्या हातानं परत गेले असते तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं असतं, आणि तोवर कुठल्यातरी परदेशी प्रयोगशाळेनं ते काम संपवलं असतं.

त्या दुपारी काकी बाजारात गेलेल्या असताना दत्ताराम आला. अंगणात उभा राहिला, टोपी हातात.

"काकी म्हनते, तुमच्याकडं यंत्र हाय. डोळ्यात बगून सांगतं, मानसानं काय बगितलं ते."

मी घाईघाईनं सांगायला लागले की असं यंत्र नाही, कुणाकडेच नाही, काकींचा काहीतरी गैरसमज झालाय. तो घाबरला असेल असं मला वाटलं. पण माझं बोलणं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"न्हाय?" तो म्हणाला. "मला वाटलं, लावाल. मी बसलो असतो. मलाबी कळलं असतं, मी बगितलं ते खरं का."

तो चौथऱ्यावर बसला. मी पाणी दिलं ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"बाई, आमी बत्ती लावली. म्हाकूल वर आला, लय आला. विलास काठाला बसून गळ सोडत व्हता. मंग त्यानं गळ सोडायचा थांबवला. नुसता बगत बसला. मी म्हटलं, काय रं? तर बोलला न्हाय. मंग त्यानं एक पाय पल्याड टाकला. मंग दुसरा. घाई न्हाय, काय न्हाय. जिन्यावरनं उतरतो मानूस, तसा. आवाजसुदिक झाला न्हाय."

"तुम्ही हाक मारलीत?"

"मंग मारली. लय मारली. तोवर पानी सपाट."

मी त्याच्याकडे बघत होते आणि तो पाण्याच्या पेल्याकडे. मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि ठेवता येत नव्हता. काकींचं म्हणणं मला कळलं. पाण्यात कोण उतरतो?

शेवटी मी कामाचं बोलले. म्हाकुलं जिवंत हवी असतील तर मला स्वतः होडीत यावं लागेल. बर्फाच्या पाण्यात पिंप बसवून गळावरून थेट काळोखात टाकायची. दत्तारामाला ते पसंत नव्हतं. बायका होडीत बसत नाहीत, वाडी काय म्हणेल. तो नाही म्हणणार इतक्यात फाटकाशी काकींचा आवाज आला. मासळीची टोपली कमरेवर घेऊन त्या उभ्या होत्या.

"न्ये तिला," त्या म्हणाल्या. "मीबी येनार. जिथं तो उतरला तिथंच न्यायचं."

पाण्यावर

सुनंदाही आली. "ह्या दोघींना तुमच्याबरोबर एकटं सोडणार नाही," असं तिनं दत्तारामाला तोंडावर सांगितलं. त्यानं पाण्यात नारळ सोडला, मशीन सुरू केलं आणि आम्ही निघालो, तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता.

भगवती किल्ल्याचा डोंगर डाव्या… नाही, उजव्या हाताला राहिला. मला दिशांचं भान फारसं नव्हतं. मी होडीची कड घट्ट धरून बसले होते. किनाऱ्यावरचे दिवे बारीक झाले, दीपस्तंभाचा उजेड एकदा आमच्यावरून फिरून गेला. मग दत्तारामानं मशीन बंद केलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमच्याकडे रानातसुद्धा काहीतरी किरकिरत असतं.

"हितंच," तो म्हणाला.

काकी मधल्या फळीवर बसल्या होत्या, तोंड त्याच्याकडे. त्यानं गॅसबत्ती पेटवून काठीला टांगली. पाण्यात हिरवट उजेडाचं एक गोल विवर तयार झालं. आधी बारीक मासे आले, धुळीसारखे भिरभिरले. मग कडेला, जिथे उजेड संपून काळोख लागतो तिथे, म्हाकुलं येऊन थांबली. पुढे येत नव्हती, मागे जात नव्हती. कुणाच्या तरी दारात आलेले पाहुणे आत बोलावायची वाट बघत उभे राहतात, तशी. सगळ्यांचे डोळे वर.

मी पिंप तयार ठेवलं. दत्तारामानं गळ सोडला.

त्यांच्या अंगावर तेच ठिपके होते, पण इथे ती जिवंत होती, शेकडो होती. एकाची कातडी लाल होऊन विझायची, तोवर दुसऱ्याची फुलायची. प्रत्येकाचा ठेका वेगळा. मी सवयीनं बघत राहिले की यात काही ताल आहे का. नव्हता, नुसता कालवा. आणि मग अचानक सगळीच्या सगळी एकदम पांढरी झाली. एकच क्षण. पाण्याखाली वीज चमकून गेल्यासारखं. पुन्हा काळोख, पुन्हा कालवा.

मला एवढंच वाटलं की हे पुन्हा होईल. ठेके वेगवेगळे असले तरी पुन्हा जुळतील, जुळायलाच हवेत. ते झालं. पहिल्यापेक्षा जास्त खोलपर्यंत. खाली आणखी थर होते, त्या थरांखाली आणखी. तिसरा क्षण कधी येणार ते मला कळायला लागलं होतं. चेहऱ्याला गार लागत होतं. भीती नव्हती. कुणी हाक मारत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं. पुढचं मला आठवत नाही असं नाही. पुढचं काही नव्हतंच. मी होते असंही नव्हतं. नुसतं बघणं चालू होतं.

मग कुणीतरी माझी वेणी जोरात मागे ओढली.

मी होडीच्या तळाशी उताणी पडले. सुनंदा माझ्या अंगावर होती, दोन्ही हातांनी मला आवळून, आणि ओरडत होती, "ताई! ताई! किती हाका मारल्या!" मला एकही ऐकू आली नव्हती. माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत ओला होता आणि साडीतून पाणी गळत होतं. पाय मी कधी पलीकडे टाकला, कुणास ठाऊक.

दत्ताराम गळ टाकून उभा होता. दोन्ही हात तोंडावर. "तसाच," तो म्हणत होता. "काकी, तसाच. तसाच."

काकींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या ओल्या पायाकडे बघितलं. मग त्या त्याच्याकडे वळल्या, आणि त्यानं पहिल्यांदाच मान वर केलेली होती.

"तू हात का न्हाय घातलास?" त्यांनी विचारलं. रागानं नाही.

"काकी, मला वाटलं तो बगतोय," दत्ताराम रडत म्हणाला. "बगनाऱ्याला कोन धरतं?"

सुनंदानं मला सोडलं नव्हतं.

"बत्ती इझव," शेवटी काकी म्हणाल्या. "घरी न्ये."

त्यानं बत्ती विझवली. परत येताना कुणीही पाण्याकडे बघितलं नाही.

निघताना

शेवटच्या दिवसाचं सांगण्याआधी पुढे काय झालं ते सांगून टाकते. प्रयोग जमला. गोठवलेल्या डोळ्यांनी मुंबईच्या तळघरात आमच्या ठिणग्या एकेक करून बघितल्या, आणि ती पहिली पिळवट आम्हाला मिळाली. संस्थेत पेढे वाटले. पुढचा उन्हाळा संपता संपता सुनंदा परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुंबईत आली, ती माझ्याकडे उतरली होती. तिच्याकडूनच कळलं की काकींनी विलासचे विधी करवले, आणि त्या दिवशी सगळ्या वाडीसमोर दत्तारामाला विलासच्या भावाच्या जागी बसवलं. त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलेले लोक हळूहळू बोलायला लागले. म्हाकुलांना मात्र तो पुन्हा गेला नाही. मलाही लेसर चालू असताना एकटीनं खोलीत थांबवत नाही. मी कुणाला तरी सोबतीला घेते आणि कारण सांगत नाही.

त्या रात्रीनंतर दत्ताराम म्हाकुलांना एकदाच गेला, होडीवरून परतल्यावर त्याच पहाटे, एकटा. मी नको म्हणून निरोप पाठवणार होते, पण तोवर पिंप आलंही होतं. बर्फाच्या पाण्यात बसवलेलं, गच्च झाकलेलं. आत सगळी म्हाकुलं जिवंत. "बत्तीकडं पाठ करून बसलो," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. दुपारभर ती काळोखात ठेवून मी काळ्या खोलीत बसले आणि डोळे काढत गेले. एकेक डोळा भांड्यात सोडला की नायट्रोजन उसळायचा आणि वाफ माझ्या मांडीवरून जमिनीवर उतरायची. दार हळूच उघडून लगेच लागलं. या वेळी मला कळलं.

काकी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. लाल उजेडात त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"बाय," त्या म्हणाल्या, "काल तुला काय दिसलं?"

मी शब्द शोधले. ठेके, लाटा, एका क्षणी सगळ्यांचं जुळणं, हे सगळं माझ्या जिभेवर होतं आणि त्यांच्या काही कामाचं नव्हतं.

"उजेड," मी म्हटलं.

"भ्या वाटलं?"

"नाही. अजिबात नाही."

भांड्यातली वाफ त्यांच्या पायांपर्यंत पोचली होती.

"बरा व्हता?" त्यांनी विचारलं. "बगायला?"

"हो, काकी," मी म्हटलं. "फार सुंदर होता."

"मंग ठीक," काकी म्हणाल्या, आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी आवाज बाहेर आलाच. शिमग्यापासून या घरात कुणी रडलं नव्हतं, असं सुनंदानं मला नंतर सांगितलं. मी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. उरलेले डोळे थांबू शकत होते.